तर्पणातलं तिसरं नाव : इंदूरच्या एका घराने मिळून केलेला कुळाचा शोध

पार्श्वभूमी

हे कुटुंब इंदूरचं. नावं बदलली आहेत, आडनाव गाळलं आहे. बाकी हकीकत घरच्यांच्या परवानगीने, घडली तशी. राजवाड्यामागचा जुना वाडा विकून ही मंडळी सुदामानगरात राहायला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घरात रामभाऊ, वय ८२, वीज मंडळाच्या लेखा विभागातून ऑडिटर म्हणून निवृत्त. त्यांच्या पत्नी कुसुमताई. मुलगा मिलिंद, सून वर्षा (माहेर जबलपूरचं), आठवीतली ईरा आणि चौथीतला ओजस. रामभाऊंची थोरली बहीण देवासला असते. तिला सगळे अक्का म्हणतात. मुलांची ती आत्याआजी.

माझा संबंध एवढाच, की मी मोडी वाचून देते. घरात एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यातल्या मोडी कागदांसाठी मला बोलावलं गेलं. त्यातले बहुतेक कागद किराण्याच्या याद्या आणि उसनवारीच्या पावत्या निघाले. मात्र तोवर या घरात जे सुरू झालं होतं ते पाहून मी रविवारी सकाळी जात राहिले. पोहे-जिलेबी हेही एक कारण होतं, नाकारत नाही.

सुरुवात पुण्याहून आलेल्या एका फोनने झाली. कुलसंमेलन ठरलं होतं, स्मरणिका निघणार होती, आणि एका चुलत भावाला इंदूर शाखेची माहिती एका पानात हवी होती. या आडनावाचा जुना छापील कुलवृत्तांत आहे. त्यात या शाखेबद्दल एकच ओळ आहे: ‘इंदूरकडे गेले, पुढील माहिती नाही.’ महाराष्ट्राबाहेर गेलेल्या किती घरांच्या नशिबी अशी ओळ आली असेल! रामभाऊंना ती फार लागली.

अडचण

घरात एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जात होती: आपले मूळपुरुष गणेशपंत सुभेदार मल्हारराव होळकरांबरोबर माळव्यात आले आणि तेव्हापासून हे घर इंदुरातच, होळकरांच्या दप्तरात. रामभाऊंचे थोरले बंधू, म्हणजे दादा, आता हयात नाहीत. त्यांनी एका फुलस्केप कागदावर वंशावळ काढून ठेवली होती. वर गणेश, खाली रामचंद्र, खाली गणेश, खाली हे दोघे भाऊ. आजोबाचं नाव नातवाला देण्याची रीत या घराने इमानाने पाळली होती, त्यामुळे तीच दोन नावं आलटून पालटून. बायकांची नावं एकही नाही.

हिशोब ओजसने मांडला. मल्हाररावांचा मृत्यू १७६६ चा. त्यांच्याबरोबर आलेला माणूस १७३० च्या आसपास जन्मलेला धरला, आणि आजोबांचा जन्म १९४२ चा, तर मध्ये दोनशेवर वर्षं आणि पिढ्यांच्या उड्या फक्त तीन. “आजोबा, म्हणजे प्रत्येकाला सत्तराव्या वर्षी मुलगा झाला? ये तो पॉसिबलच नाहीये!”

रामभाऊंनी हे हसण्यावारी नेलं नाही, आकड्यांचा माणूस. त्यांचं म्हणणं असं, की मधल्या पिढ्या गळल्या असणार. गणेश-रामचंद्र, गणेश-रामचंद्र अशीच नावं असतील तर सांगणाऱ्याकडून एखादी जोडी सहज सुटते. हा तर्क बिनबुडाचा नव्हता. पण दुसरी शक्यताही होती: पिढ्या बरोबर आहेत आणि गोष्टच चुकीची आहे. ती उघड बोलायला कोणी तयार नव्हतं. पान पुण्याला पाठवायचं तर दोहोंपैकी काय लिहायचं, हा प्रश्न होता.

समोरचे पर्याय

मिलिंदचा पहिला विचार पैसे देऊन वंशावळ करून घेण्याचा होता. तशी कामं करणारे मिळतात. वर्षाने विचारलं, की असा माणूस आपल्याच घरातले कागद आपल्याकडून मागून घेऊन आपल्यालाच परत देणार, मग मुलं काय करणार? तो विषय तिथेच संपला.

डीएनए चाचणीचीही चर्चा झाली, कारण ईराच्या वर्गातल्या एका मुलीच्या अमेरिकेतल्या मावशीने ती केली होती. अशी चाचणी त्या कंपनीच्या यादीत असलेले दूरचे नातेवाईक जुळवून देऊ शकते. एकोणिसाव्या शतकात एक गणेश होते की दोन, याचं उत्तर ती देणार नाही. पैसे वाचले.

तिसरा पर्याय होता, दादांची वंशावळ आहे तशी पाठवून द्यायची. रामभाऊंचा कल सुरुवातीला इकडेच होता.

अखेर ठरलं ते असं: उन्हाळ्याच्या सुट्टीपासून दर रविवारी सकाळी दीड तास, त्याहून जास्त नाही. घरातलंच आधी शोधायचं. आणि ज्याला जे आवडेल ते त्याने करायचं. या तिसऱ्या अटीमुळे काम टिकलं, असं माझं मत आहे. वंशावळीच्या चौकटी भरण्यात कुठल्याही नऊ वर्षांच्या मुलाला रस नसतो. ओजसला भांडी मिळाली, ईराला मोडी, वर्षाला मुलाखती, कुसुमताईंना फोटोंच्या मागचे चेहरे ओळखणं, आणि रामभाऊंना त्यांचं आवडतं काम: तपासणी.

काय केलं

*भांडी.* माळ्यावर जुनी तांब्या-पितळेची भांडी होती. पूर्वी भांड्यावर नाव घालून घेत, ठिपक्या-ठिपक्यांनी टोचलेलं. ओजसने पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासली की अक्षरं उमटत. हा त्याचा खेळच झाला. शेजारच्या घरातलीही दोन-चार भांडी त्याने घासून आणली. घंगाळावर ‘सौ. यमुनाबाई गणेश’ निघालं, तारीख नाही. मोठ्या हंड्यावर ‘सौ. पार्वतीबाई गणेश, शके १८०५’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्ष पाडव्याला सुरू होत असल्याने शेवटचे अडीच-तीन महिने पुढच्या सनात जातात), म्हणजे हा हंडा १८८३-८४ चा.

दोन बायकांची नावं, दोघींचा नवरा गणेश. रामभाऊ खुलले. दोन बायका म्हणजे दोन गणेश, आणि दोन गणेश म्हणजे गळलेली पिढी!

*पत्रिका.* ट्रंकेत दोन जन्मपत्रिका होत्या. एक रामभाऊंच्या आजोबांची, म्हणजे रामचंद्रांची, शके १८०७, पार्थिवनाम संवत्सर. म्हणजे १८८५-८६, स्वच्छ. दुसरी गणेशांची, वडिलांचं नाव रामचंद्र, जन्म वाईक्षेत्री. तिच्या शकाचे शेवटचे दोन आकडे कसरीने खाल्लेले. ‘शके १७’ एवढंच शिल्लक. पण संवत्सराचं नाव वाचता येत होतं: सिद्धार्थी.

इथे मुलांना एक छान हत्यार सापडलं. संवत्सरं साठ, प्रभवपासून क्षयापर्यंत, आणि दर साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. ईराने साठही नावं कागदावर लिहून भिंतीला लावली. सतराशेच्या घरात सिद्धार्थी दोनदाच येतो: शके १७२१ आणि शके १७८१. म्हणजे १७९९ किंवा १८५९.

यावर रामभाऊंनी जो तर्क उभा केला तो ऐकण्यासारखा होता. गणेश १७९९ चे असतील तर सुभेदार मल्हाररावांची गोष्ट जाते, कारण सुभेदार त्याआधीच वारले. पण यशवंतराव होळकरांच्या मुलाचं नावही मल्हारराव. त्याच्या नावाने १८११ ते १८३३ कारभार चालला. महिदपूरची लढाई डिसेंबर १८१७ ची, मंदसोरचा तह जानेवारी १८१८ चा, आणि त्यानंतरच होळकरांची राजधानी इंदूरला आली. अहिल्याबाईंच्या काळी ती महेश्वरला होती. विशीतला गणेश या नव्या राजधानीत दप्तरात लागला, लोकांनी पुढे एका मल्हाररावाच्या जागी दुसरा घातला. मग मधे एक रामचंद्र आणि एक गणेश गळले, म्हणून दोन बायका, दोन भांडी. सगळं जुळत होतं. मीही त्या रविवारी घरी जाताना मनात म्हटलं, म्हातारबुवा बरोबर असावेत.

*वार आणि तिथी.* ईराचं मात्र समाधान झालं नव्हतं. पत्रिकेत शक आणि संवत्सराखेरीज महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, घटी-पळंही असतात. जुन्या तारखांचं पंचांग काढून देणारी साधनं आता संगणकावर मिळतात. तिने दोन्ही वर्षं घालून पाहिली. १७२१ ला त्या तिथीला वार वेगळा येत होता. १७८१ ला वार, तिथी, नक्षत्र तिन्ही जुळले.

तिने हे आधी आईला सांगितलं. इथे घर अडलं, त्याविषयी पुढे.

*तर्पणाची यादी.* पितृपक्षात देवघराच्या कपाटातून एक लहान वही निघाली. ती एरवी काढत नाहीत. बरं नव्हे म्हणतात. रामचंद्रांच्या, म्हणजे १८८५ मध्ये जन्मलेल्या आजोबांच्या, हातची, बाळबोधीत. महालयाला ज्यांना उदक द्यायचं त्या सगळ्यांची नावं गोत्रासकट. रामभाऊ दरवर्षी श्राद्ध करत, पण गुरुजी सांगतील तसं. वही उघडायची वेळच आली नव्हती.

पिता गणेश, पितामह रामचंद्र, प्रपितामह महादेव.

महादेव हे नाव घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. रामभाऊंच्या तर्काप्रमाणे तिथे गणेश यायला हवा होता. त्याखाली माता पार्वती. आणि थोडं खाली: सापत्नमाता यमुना.

एकाच रामचंद्रांची आई पार्वती आणि सावत्र आई यमुना; म्हणजे दोघींचा नवरा एकच. गळलेली पिढी नव्हतीच.

मग मूळपुरुष गणेश आले कुठून? याचं उत्तर रामभाऊंनी स्वतः दिलं, वही पुढ्यात ठेवून. तर्पणात नावं तीनच पिढ्यांची घेतात: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. कर्ता बदलला की यादी एक पायरी खाली सरकते आणि सगळ्यात वरचं नाव सुटतं. रामचंद्रांच्या वहीत महादेव आहेत. त्यांच्या मुलाच्या तर्पणात ते नसणार. थोरल्या दादांच्या तर्पणात वडील गणेश, आजोबा रामचंद्र, पणजोबा गणेश. दादांनी वंशावळ काढली ती हीच तीन नावं घेऊन. तिसरं नाव वर राहिलं म्हणून ते मूळपुरुष झालं, आणि मल्हाररावांची गोष्ट त्याला जाऊन चिकटली. या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला शोध हा. अशी किती घरं असतील, ज्यांचा मूळपुरुष म्हणजे नुसता कोणाचातरी पणजोबा!

*नाशिक.* घरचा पुरावा झाला, पण तो एकाच वहीचा. दिवाळीच्या सुट्टीत सगळे गाडीने नाशिकला गेले. खलघाटला नर्मदा ओलांडून, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव असा जुना आग्रा रोड. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की नेमकी वही निघते. नुसतं ‘इंदूर’ सांगून भागलं नसतं, पत्रिकेतल्या वाईचा इथे उपयोग झाला. मी बरोबर नव्हते. उपाध्यांची परवानगी घेऊन काढलेला फोटो मिलिंदने पाठवला आणि मी तो इंदुरात बसून वाचला. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही, त्यामुळे फोटो नीट नसेल तर हाल होतात. हा नीट होता, खिडकीच्या उजेडात काढलेला.

शके १८१४, नंदननाम संवत्सर. गणेश रामचंद्र, आजोबा महादेव, मूळ वाई, हल्ली इंदूर, होळकर सरकारात नोकरी, मुलगा रामचंद्र. म्हणजे १८९२-९३, तेव्हा गणेश तेहतिशीच्या आसपास, मुलगा सात वर्षांचा. नंदन बरोबर येतो का, हे ओजसने भिंतीवरच्या कागदाची आठवण ठेवून गाडीतच मोजलं.

गणेश माळव्यात आले ते बहुधा दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात. खांडवा-इंदूर रेल्वे १८७० च्या दशकात झाली. तुकोजीरावांनी तिच्यासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. १८७३ ते १८७५ टी. माधवराव इंदूरचे दिवाण होते, कारभाराला नवं वळण लागत होतं आणि शिकलेल्या कारकुनांना मागणी होती. घोड्यावरून आलेला मूळपुरुष असा रेल्वेच्या डब्यात जाऊन बसला. हे अर्थातच अनुमान. गणेशांचं तिकीट काही ट्रंकेत सापडलेलं नाही.

उपाध्यांच्या वहीत आपलीही नोंद करायची असते. रामभाऊ लिहू लागले आणि मुलगा, नातू असं लिहून थांबले. ईरा शेजारीच उभी होती, काही बोलली नाही. त्यांनीच वर पाहिलं आणि मग कुसुमताई, वर्षा, ईरा, देवासची अक्का अशी सगळ्यांची नावं घातली. ओळ फार लांबली, असं उपाध्ये म्हणाले.

निर्णयाच्या जागा

*रामभाऊंना सांगायचं की नाही.* वार-तिथी जुळल्यावर मिलिंदचं मत पडलं, की बाबांना इतक्यात काही बोलू नये. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या हातून मल्हारराव काढून घेऊन कोणाचं भलं होणार? वर्षा म्हणाली, “मग मुलांना आपण काय शिकवतोय, की खरं सापडलं तर लपवायचं?” दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. वर्षाने वाट काढली ती अशी, की निष्कर्ष सांगायचाच नाही. ईराने दोन्ही वर्षांची आकडेमोड एका कागदावर मांडली आणि “आजोबा, तुम्ही तपासून द्याल का?” म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. दोन दिवस कागद त्यांच्या टेबलावर होता. मग त्यांनी १७२१ वर तांबड्या पेनाने रेघ मारली. पुढे नोंदींसाठी जे रजिस्टर झालं त्याचे रकानेही त्यांनीच आखले: लेखी, ऐकीव, अनुमान. “व्हाउचर नाही तर एंट्री नाही,” हे त्यांचं नोकरीतलं वाक्य आता ओजस घरभर म्हणत फिरतो, अगदी पॉकेटमनीच्या बाबतीतही.

ऐकीव हा रकाना ठेवला म्हणून रामभाऊंची गोष्ट पुसली गेली नाही. कोणी, कोणाकडून, केव्हा ऐकली, एवढं तिच्यापुढे लिहिलं गेलं.

*यमुनाबाई.* अक्कांचा विरोध होता. “कशाला उकरून काढायचं? गेली बिचारी.” त्यांना यमुनाबाईंचं नाव लहानपणी एकदा कानावर आल्याचं आठवत होतं, पण घरात तो विषय निघत नसे. ओजसने सापत्नमाता म्हणजे काय विचारलं तेव्हा मिलिंद गुळमुळीत काहीतरी बोलू लागला. कुसुमताईंनी सरळ सांगितलं, की त्या काळी लहान वयात लग्नं व्हायची, बाळंतपणात, साथीत बायका जायच्या, मग दुसरं लग्न होई. यमुनाबाई कशाने गेल्या ते माहीत नाही, आणि तसंच लिहायचं ठरलं. त्यांना वंशावळीत जागा मिळाली. अक्का तयार झाल्या त्या एका गोष्टीमुळे: सावत्र मुलाने आपल्या वहीत तिचं नाव घातलं होतं, तिला पाणी देत होता. त्याने दिलेली जागा आपण कशी काढून घ्यायची?

*महेश्वर.* सुट्टीत आधी सगळ्यांनी मिळून अक्कांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं केलं होतं. त्यात रामभाऊ सांगत गेले आणि अक्का ‘हो, हो’ म्हणत गेल्या. पुढे वर्षा एकटी देवासला जाऊन दुपारभर बसली तेव्हा वेगळंच निघालं. अक्कांना मल्हाररावांची गोष्ट त्यांच्या आजीने सांगितली होती, आणि आजीला तिच्या सासूबाईंनी, म्हणजे पार्वतीबाईंनी. आणि आजी म्हणायची, सासूबाई महेश्वरच्या.

तसं असेल तर मल्हाररावांबरोबर आलेलं घराणं पार्वतीबाईंच्या माहेरचं असू शकतं. सासरी आलेल्या मुलीने आपल्या माहेरची गोष्ट मुलानातवंडांना सांगितली आणि दोन पिढ्यांत ती सासरच्या आडनावावर जमा झाली. रजिस्टरमध्ये ही नोंद ‘अनुमान’ या रकान्यात आहे. मला ती खरी वाटते. रामभाऊंना व्हाउचर हवं आहे.

काय निष्पन्न झालं

पुण्याला एक पान गेलं: महादेवांपासून ओजसपर्यंतच्या पिढ्या, सापडल्या तेवढ्या बायकांची नावं, प्रत्येक नोंदीपुढे आधार. हयात माणसांच्या जन्मतारखा त्यातून काढून टाकल्या होत्या. स्मरणिका छापून आली तेव्हा पिढ्या बरोबर होत्या, पण शीर्षक होतं ‘मल्हाररावांसोबत माळव्यात’. मिलिंद चिडला. रामभाऊंनी पुरवणी छापावी म्हणून पत्र लिहिलं आहे, उत्तर अजून नाही.

घरात मात्र बरंच बदललं. ईरा आता छापील मोडी सहज वाचते आणि डायरी मोडीत लिहिते, कारण आईला ती वाचता येत नाही. आईने शिकायला घेतल्याचं तिला अजून कळलेलं नाही. चंपाषष्ठीला तळी भरताना हा पालीचा खंडोबा आहे, म्हणजे सातारा भागातला, अष्टविनायकातली पाली वेगळी, हे ओजसने गुरुजींना समजावून सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

गणेशांची पत्रिका मिलिंदने सुरुवातीलाच दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली होती. हेतू चांगला, पण ते आता सुटणार नाही, आणि उष्णतेने शाईचा एक भाग फिका झाला आहे. जुना कागद आधी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता टिपावा आणि सुती कापडात सपाट ठेवावा. सेलोटेपही लावू नये. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवले की बारीक अक्षरं मरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर टिकतात.

वडीलधाऱ्यांशी आधी एकेकट्याने बोलायला हवं होतं. चारचौघांत एकाची आवृत्ती सगळ्यांची होते, आणि बहुधा ती पुरुषाची असते. अक्कांकडे वर्षा मे महिन्यात गेली असती तर महेश्वरचा धागा नाशिकच्या आधी हाती आला असता.

मध्ये मिलिंदने मोडीचं शुद्धलेखन घालायला आणि वहीवर मार्क द्यायला सुरुवात केली, तेव्हा ईराने रविवारी खोलीबाहेर येणंच बंद केलं. कुसुमताईंनी मुलाला खडसावल्यावर ते थांबलं. दीड तासाची अटही त्याच काळात मोडली गेली होती.

आणि पान पाठवताना शीर्षक काय असेल हे आधी विचारून घ्यायला हवं होतं.

महेश्वरचं काम बाकी आहे. रामचंद्रांच्या वहीत मातामहांच्या तीन पिढ्या आहेत, म्हणजे पार्वतीबाईंचे वडील, आजोबा, पणजोबा. नावं आणि काश्यप गोत्र, आडनाव नाही. भोपाळच्या राज्य अभिलेखागारात होळकरांचे कागद आहेत, पण आडनावाशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही. अक्कांना आजीच्या तोंडचं कोणा ‘महेश्वरवाल्या मामां’चं नाव आठवतंय असं वाटतं. वर्षा परवा पुन्हा देवासला जाते आहे. या वेळी ईरा बरोबर आहे आणि प्रश्न तीच विचारणार आहे.